डोकेदुखीवर घरच्या घरी: मला काय लागू पडलं

आधी दुखणं ओळखा. कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखं, दोन्ही बाजूंना दुखत असेल तर बहुधा मानेचे स्नायू आखडलेले असतात. तिथे शेक हवा. गरम पाण्यात भिजवून पिळलेला टॉवेल मानेवर १५ मिनिटं ठेवायचा, मग कवटी मानेला जिथे मिळते तिथल्या दोन खळग्यांत अंगठ्यांनी मिनिटभर दाब द्यायचा. दाब सोसेल इतकाच.

एका बाजूला ठणकतंय, मळमळतंय, उजेड सोसत नाही, हे मायग्रेनचं लक्षण. याला बहुतेकांना गार बरं वाटतं. बर्फ कापडात गुंडाळून कपाळावर, १५ मिनिटांपेक्षा जास्त नाही. थेट बर्फाने कातडी भाजते. खोलीत अंधार करा.

पेपरमिंट तेल चमचाभर खोबरेल तेलात ३ थेंब एवढंच, कानशिलांवर. नुसतं चोळलं तर आग होते आणि डोळ्यांतून पाणी येतं. लहान मुलांना लावूच नका.

पाणी कमी पडलं असेल तर दोन पेले सावकाश प्या. कॉफीने उतार पडतो खरा, पण रोजची सवय झाली की ती चुकली त्या दिवशी डोकं दुखू शकतं. गोळ्यांचंही तसंच: साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस घेतल्या तर त्यांच्यामुळेच डोकं दुखू लागू शकतं.

अचानक, क्षणात शिगेला पोचलेलं दुखणं, तापासोबत ताठलेली मान, बोबडी वळणं, हातपाय लुळे पडणं किंवा डोक्याला मार लागणं, यांत घरगुती उपाय करत बसू नका, लगेच रुग्णालय गाठा.