आजारपणानंतर पुन्हा गाडी हाती देताना या चुका टाळा

लकव्यातून उठलेला माणूस काठी टाकून चालू लागला की फटफटीची किल्ली मागतो, आणि हातपाय पूर्ववत झाले म्हणून घरचेही ती देतात. सर्वांत घातक चूक हीच आहे. हाताची ताकद परत आली तरी एका बाजूची नजर गेलेली असू शकते. मेंदूची उजवी बाजू बाधित झाली असेल, तर डोळे शाबूत असूनही डावीकडच्या गोष्टींची दखलच घेतली जात नाही. रुग्णाला स्वतःला याचा पत्ता नसतो, त्यामुळे ‘नीट दिसते का?’ या प्रश्नाला तो अगदी प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणतो. ताटातली चटणी आणि लोणचे रोज तसेच उरते का, हे घरच्या बायकांना विचारावे. समोर बसून, त्याची नजर आपल्या नाकावर ठेवून, दोन्ही बाजूंना एकाच वेळी बोटे हलवून पाहावीत. त्याच्या डावीकडचे बोट सुटत असेल, तर रस्त्याच्या डाव्या कडेने चाललेली, मागे दिवा नसलेली कापसाची बंडीही सुटेल.

परवान्याच्या अर्जासोबतच्या नमुना १ मध्ये अपस्मार, अचानक शुद्ध हरपणे किंवा चक्कर यांविषयी प्रश्न असतो. तेथे न वाचता ‘नाही’ लिहू नये. त्याच नमुन्यात २५ मीटरवरून गाडीचा क्रमांक वाचता येतो का, हेही विचारलेले असते, पण ते भर उजेडात. मोतीबिंदू असलेल्याची रात्री समोरच्या दिव्याने काय अवस्था होते, ते त्यातून कळत नाही.

मधुमेहात आपण वाढलेल्या साखरेचीच धास्ती घेतो, पण गाडीवर खरा धोका उतरलेल्या साखरेचा असतो. सकाळी इन्सुलिन घेऊन जिनिंगसमोरच्या रांगेत उपाशी उभ्या असलेल्या कास्तकाराची साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली, तर गूळ खाऊन लगेच निघणे चूक आहे. मेंदू सावरायला वेळ लागतो. ब्रिटनमध्ये साखर पूर्ववत झाल्यावरही ४५ मिनिटे थांबण्याचा नियम आहे. सर्दीच्या व झोपेच्या गोळ्यांची गुंगी सकाळपर्यंत राहू शकते, तेही विचारावे.

विस्मरण होऊ लागलेल्या वृद्धाला कागदावर घड्याळ काढायला लावण्याची पद्धत आहे. परंतु शाळेची पायरी न चढलेल्या माणसाला ते जमले नाही, म्हणून त्याला गाडी चालवण्यास अयोग्य ठरवणे अन्यायाचे होईल. ‘नातवाला त्यांच्या मागे बसवाल का?’ या प्रश्नावर सून क्षणभर गप्प राहिली, तर ती शांतता माझ्या दृष्टीने अधिक बोलकी असते.

जिथे एसटी दिवसातून दोनदाच येते, तिथे सरसकट बंदी कोणी पाळत नाही. म्हणून नजर आणि सावधपणा पुरेसा असलेल्या पण वेग मंदावलेल्या माणसाला दिवसा, ओळखीच्या रस्त्याने, महामार्ग टाळून जाण्याची मुभा देता येते. फिट येत असलेल्याला मात्र ‘फक्त वावरापर्यंत’ अशीही सूट देऊ नये, आणि ट्रॅक्टरवर तर नाहीच, कारण तिथे बैठकीवरून तोल गेला की माणूस मागच्या चाकाखाली किंवा रोटाव्हेटरमध्ये सापडतो.