म्हाडाच्या सोडतीचा अर्ज भरताना या चुका टाळा

सगळ्यात महागात पडते ती उत्पन्नाची चूक. म्हाडा, म्हणजे घरांची ही सोडत काढणारं राज्याचं गृहनिर्माण प्राधिकरण, कुटुंबाच्या उत्पन्नावरून अर्जदाराचा गट ठरवते आणि इथे कुटुंब म्हणजे नवरा-बायको. वडिलांची पेन्शन, भावाचा पगार धरायचा नाही; बायकोची कमाई सोडायची नाही. मुंबई, पुणे, नागपूर महानगर प्रदेशांत आणि दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत वर्षाला ६ लाखांपर्यंत अत्यल्प, ९ लाखांपर्यंत अल्प, १२ लाखांपर्यंत मध्यम आणि त्यावर उच्च गट. उरलेल्या महाराष्ट्रात पहिल्या दोन मर्यादा साडेचार आणि साडेसात लाख.

नेहमी दिसणारं प्रकरण असं. नवऱ्याचे ८ लाख ४० हजार, म्हणून अर्ज अल्प गटात. बायको घरी शिकवण्या घेते, लाखभर मिळतात, त्याचं आयकर रिटर्नही भरलेलं. पण ‘शिकवण्यांचं कसलं उत्पन्न’ म्हणून तिच्या रकान्यात शून्य. खरी बेरीज ९ लाख ४० हजार, म्हणजे मध्यम गट. पडताळणीत तिचं पॅन तपासलं की तफावत उघडी पडते आणि नाव लागलेलं घरही हातचं जातं. खरं तर शून्य लिहायची गरजच नसते. खालच्या गटातल्याला वरच्या गटात अर्ज करता येतो, उलट चालत नाही. त्यामुळे बेरीज मर्यादेला टेकत असेल, तर दोघांची रिटर्नं समोर ठेवून कागदावर बेरीज करावी आणि मगच गट निवडावा. हातात येणारा पगार गुणिले बारा हा हिशेब करूच नये.

त्यातच वर्षाचा घोळ. पुरावा म्हणून रिटर्नची पावती किंवा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला द्यायचा असतो. जाहिरातीत २०२३-२४ हे आर्थिक वर्ष मागितलं असेल, तर त्या रिटर्नवर कर निर्धारण वर्ष २०२४-२५ छापलेलं असतं. लोक आकडे जुळवायला जातात आणि बरोबर एक वर्ष जुनं रिटर्न चढवतात.

दुसरी लाडकी चूक अधिवासाची, म्हणजे डोमिसाइलची. शाळेचा दाखला, मतदार कार्ड, रेशनकार्ड म्हणजे अधिवास प्रमाणपत्र नव्हे. कॉलेज प्रवेशाच्या वेळी काढलेलं, फायलीत पिवळं पडलेलं प्रमाणपत्रही चालत नाही. म्हाडाच्या नव्या संगणकीय प्रणालीला १ जानेवारी २०१८ नंतर काढलेलं, बारकोड असलेलं लागतं, कारण पडताळणी त्या बारकोडवरून होते. सेतू केंद्रातून किंवा ‘आपले सरकार’वरून ते नव्याने काढावं, आणि सोडतीची जाहिरात येण्याआधीच. जाहिरात आली की सगळं गाव सेतूच्या रांगेत असतं, आणि मग ‘मुदत वाढवा’ म्हणून ओरड सुरू होते. नोंदणी तर वर्षभर खुली असते! कागद आधीच चढवून ठेवायला कोणी अडवलेलं नाही.

मालकीची अट लोक अर्धीच वाचतात. ज्या महापालिका किंवा नगरपालिका हद्दीत घर हवं, तिथे अर्जदार, जोडीदार किंवा अज्ञान (अल्पवयीन) मुलं यांच्या नावावर घर किंवा भूखंड नसावा. गावचं घर आड येत नाही, भाड्याने राहत असलात तरी फरक पडत नाही. मात्र सोडतीतलं घर प्रधानमंत्री आवास योजनेतलं असेल, तर देशात कुठेही पक्कं घर नसावं लागतं. मग गावचा वाडाही मोजला जातो. एकाच जाहिरातीत दोन्ही प्रकारची घरं असतात, म्हणून जाहिरातीतल्या घरांच्या संकेत क्रमांकासमोर योजनेचं नाव पाहिल्याशिवाय अर्जासोबतची अनामत रक्कम भरू नये.

आधार आणि पॅनवरचं नाव अक्षरशः सारखं हवं. लग्नानंतर आधारवर नाव बदललं आणि पॅन माहेरच्या नावाचंच राहिलं, हे फार होतं.

घटस्फोटित असाल तर न्यायालयाचा हुकूमनामा लागतो. नुसते वेगळे राहत असाल तर अर्जात विवाहितच.

इतर मागासवर्गासाठी या सोडतीत वेगळं आरक्षण नाही. तो दाखला घेऊन राखीव गट शोधण्यात दिवस घालवू नका.

बँक खातं स्वतःच्या नावाचं द्या, अनामत तिथेच परत येते.

आणि दलाल. म्हाडाने एकही एजंट नेमलेला नाही. सोडत संगणकावर निघते, त्यात कोणाची ‘सेटिंग’ चालत नाही. तरी दरवेळी कोणीतरी पैसे देऊन बसतो. त्यातले काही ‘घर लागलं की लगेच विकू’ असाही हिशेब मांडतात. पाच वर्षं विकता येत नाही, हे अटींत स्पष्ट लिहिलेलं असतं.