मुलाचा बीएमआय मोठ्यांच्या तक्त्यात बघू नका

उंची घेताना बूट काढा, टाचा भिंतीला टेकवा. वजन हलक्या कपड्यांत घ्या. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागा. आला तो बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा. उंची १४० सेंमी, वजन ३९.२ किलो असेल तर बीएमआय आला २०.

इथवर कुणी चुकत नाही. घोळ पुढे होतो. मोबाइलवर बघितलं की '१८.५ ते २४.९ सामान्य' असं येतं. ते मोठ्या माणसांचं आहे, पोरांना लावूच नका! चोपडा तालुक्यातल्या शाळेत मी नवी असताना हेच केलं. आठ वर्षांची मुलगी, १२४ सेंमी, २४ किलो, बीएमआय १५.६. साडेअठराच्या खाली दिसला म्हणून मी तिच्या आईला 'पोरगी अशक्त आहे' सांगून मोकळी झाले. पोरगी तिच्या वयाला अगदी ठीक होती. त्या माउलीला महिनाभर घोर लावला, ते मला अजून लागतं.

वाढत्या वयात बीएमआय स्थिर नसतो. साधारण पाच-सहा वर्षांपर्यंत तो उतरतो, मग चढत जातो. मुलामुलींचा चढ वेगळा. म्हणून तोच २० दहा वर्षांच्या मुलाला जास्त, पंधरा वर्षांच्या मुलाला ठीक. यासाठी पर्सेंटाइल. ६० वा म्हणजे त्याच वयाच्या, मुलगा असेल तर शंभर मुलग्यांत, साठ जणांचा बीएमआय त्याच्याहून कमी.

सीईटीमुळे पालकांना ९९ पर्सेंटाइल म्हटलं की आनंद होतो. इथे ९९ म्हणजे डॉक्टरांकडे जायचं. अमेरिकी तक्त्यात ५ च्या खाली कमी वजन, ८५ पासून जास्त, ९५ पासून लठ्ठपणा. आपल्याकडे भारतीय बालरोग अकादमीचा २०१५ चा तक्ता वापरा, ५ ते १८ वर्षांसाठी. त्यात जास्त वजनाची रेषा ८५ वर नाही, 'प्रौढांच्या २३ इतकी' अशी आखलेली आहे, म्हणजे अठराव्या वर्षी बीएमआय २३ ला पोचणारी. लठ्ठपणाची २७ इतकी. दोन तक्त्यांची सरमिसळ करू नका.

'मना पोऱ्या बारीक शे' म्हणत आया येतात. पोरगा दहाव्या पर्सेंटाइलच्या रेषेवर असेल आणि वर्षानुवर्षं तिलाच धरून वाढत असेल, तर मी काळजी करत नाही. दोन रेषा ओलांडून खाली किंवा वर गेला, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आकडा वर दिसला म्हणून स्वतःच पोराची भाकरी कमी करायची नाही. वर्गात आकडे मोठ्यानं वाचायचे तर मुळीच नाहीत.

दर सहा महिन्यांनी मोजा. वहीत तारखेसोबत वय वर्षं-महिन्यांत लिहा.