जुनं पासबुक रद्दीत टाकू नका

साठीनंतर अर्धवट राहिलेलं बी.ए. पूर्ण करायचंय, पेटी शिकायचीय, पण फी म्हटली की हात आखडतो? मग मुलांकडे मागण्याआधी कपाटातली जुनी कागदपत्रं उपसा. बदलीच्या नोकरीत खाती उघडत गेलेल्यांच्या घरी एखादं विसरलेलं पासबुक निघू शकतं, मग घर नागपूरच्या महाल भागात असो की धरमपेठेत.

दहा वर्षं व्यवहार नसला की खात्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. ती बुडत नाही. खातेदार किंवा वारस नंतरही मागू शकतो.

शोधायला रिझर्व्ह बँकेचं ‘उद्गम’ पोर्टल 2023 पासून आहे. मोबाइल नंबरनं नोंदणी करा, नाव घाला, सोबत पॅन किंवा जन्मतारीख. खरी गोम नावातच आहे. वानखेडे डब्ल्यूनं शोधून काही मिळालं नाही तर व्हीनं शोधा. बायकांनी माहेरचं नावही घालून बघावं, लग्नाआधीचं खातं त्याच नावावर असू शकतं.

पोर्टल फक्त पैसे कुठल्या बँकेत आहेत ते दाखवतं, पैसे बँकेच्या शाखेतूनच मिळतात. बँक विलीन झाली असेल तर नव्या बँकेत जा. देना बँकेचं खातं 2019 पासून बँक ऑफ बडोदाकडे आहे. केवायसी कागद, जुनं पासबुक आणि वारस असाल तर मृत्यूचा दाखला न्या. नागपुरातल्या बर्डीवरच्या शाखेत एका फेरीत काम होईल असं समजू नका. अर्जाची पोच मात्र सही-शिक्क्यासह घ्याच. शोधून देतो म्हणून कुणी कमिशन मागितलं तर सरळ नाही म्हणा, पोर्टल फुकट आहे.