वीज पडलेली गाडी आणि विम्याचा क्लेम: पुराव्याची तयारी

मराठीत आकाशातली वीजही वीज आणि तारेतली वीजही वीज. एरवी याने काही बिघडत नाही, पण गाडीच्या विम्यात सगळा क्लेम याच शब्दापाशी अडतो. आपल्याकडच्या पॅकेज पॉलिसीत, म्हणजे लोक जिला फुल इन्शुरन्स म्हणतात तिच्यात, गाडीच्या नुकसानीची कारणे मोजताना पहिल्याच ओळीत आग, स्फोट, आपोआप पेटणे आणि आकाशातून पडणारी वीज यांची नावे आहेत. थोडे खाली उतरलात की जे मिळणार नाही त्यात झीज, घसारा आणि ‘मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल ब्रेकडाउन’ लिहिलेले आहे. वीज पडून गाडीचा कॉम्प्युटर जळाला तर तुमच्या लेखी ती पहिली ओळ आणि कंपनीच्या लेखी ही खालची. माझ्या मेहुण्याच्या गाडीचा क्लेम याच खालच्या ओळीवर बोट ठेवून दोन वाक्यांत नाकारला गेला होता. बार्शीकडचे गाव, मे महिन्यातला वळीव, अंगणातल्या कडुनिंबावर वीज पडली आणि खोडापासून आठ-दहा फुटांवर उभी असलेली गाडी गप्प झाली. क्लेम शेवटी मिळाला, पण अर्धी कागदपत्रे नकारानंतर गोळा करावी लागली. ती आधीच हाताशी असती तर चार महिने वाचले असते, म्हणून हे लिहितो आहे.

सुरुवात आजच करा, आभाळ भरून यायची वाट पाहू नका. पॉलिसी काढून नुसता थर्ड पार्टी विमा तर नाही ना, ते बघा. तसा असेल तर स्वतःच्या गाडीचे काहीच मिळत नाही आणि पुढचे सगळे वाचून उपयोग नाही. बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टीम, जादा दिवे, सीएनजी किट यांची पॉलिसीत नोंद आहे का तेही पाहा. नोंद नसलेले वायरिंग सापडले की बिघाडाचे खापर त्यावर फोडणे सोपे जाते. शेवटच्या सर्व्हिसिंगचे बिल जपा. गाडी त्याआधी ठणठणीत होती, याचा त्याहून चांगला कागद नाही. फोनवर ‘दामिनी’ अ‍ॅप घेऊन ठेवा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने ते केले आहे. तुमच्या जागेभोवती वीस आणि चाळीस किलोमीटरच्या वर्तुळांत नुकत्या पडलेल्या विजा त्यात दिसतात.

वीज पडली त्या क्षणी गाडीकडे धावू नका. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास घरातच थांबायचे. क्लेमपेक्षा जीव मोठा आहे आणि त्या अर्ध्या तासात घरात बसूनच बरेच काम होते. आधी घड्याळ बघून वेळ कागदावर लिहा. दामिनीचा स्क्रीनशॉट लगेच घ्या, कारण त्यावर मागच्या काही मिनिटांतल्याच विजा दिसतात. सकाळी उठून बघाल तर नकाशा कोरा असेल. घरातले काय काय बंद पडले ते टिपून ठेवा: टीव्ही, वायफायचा डबा, इन्व्हर्टर, बोअरचा स्टार्टर. लाइट गेली असेल तर महावितरणकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपा. हे सगळे गाडीबद्दल नाही असे वाटेल, पण त्याच मिनिटाला आजूबाजूचेही जळाले हे दाखवता आले की ‘गाडीत आतूनच बिघाड झाला’ हे म्हणणे लंगडे पडते.

उजाडल्यावर पहिला मोह होतो तो सेल्फ मारून बघण्याचा. तो आवरा. जंप केबल लावू नका, धक्का स्टार्ट करू नका, गावातल्या वायरमनला फ्यूज बदलायला बोलावू नका. दुरुस्तीआधी गाडी चालवली आणि नुकसान वाढले तर ते वाढीव नुकसान मालकाच्या माथी, अशी अट पॉलिसीतच आहे. जळका वास येत असेल किंवा धूर दिसत असेल तर मात्र आधी आगीचा विचार करा, लांब व्हा आणि अग्निशमन दलाला कळवा. त्यांचा अहवाल पुढे उपयोगी पडतोच. इलेक्ट्रिक गाडी असेल तर बॉनेटखालच्या केशरी केबलना कुणालाही हात लावू देऊ नका.

आता फोटो. इथे घाई नको, तासभर लागला तरी चालेल. प्रथम लांबून, झाड, घर, विजेचा खांब आणि गाडी एका चौकटीत येतील असे. मग गाडीच्या चारी बाजू, नंबर प्लेट, किल्ली चालत असेल तर डॅशबोर्डवरचे दिवे आणि किलोमीटरचा आकडा. त्यानंतर खुणा शोधायच्या. वीज थेट गाडीवर पडली असेल तर ती सहसा उंच टोकाला शिवते: अँटेना, टपाची कड, कॅरिअर. तिथे टाचणीच्या डोक्याएवढा वितळलेला ठिपका, फुगलेला रंग किंवा काळा डाग असू शकतो. मागच्या काचेत धुके घालवणाऱ्या तारा असतात. काच फुटली असेल किंवा त्या तारांच्या रेषेत करपली असेल तर जवळून फोटो घ्या. मग खाली वाका. पत्र्यावरून उतरलेला प्रवाह चाकांपाशी हवेतून किंवा टायरमधून उडी मारून जमिनीत जातो, म्हणून रिमवर बारीक खड्डे, टायरच्या बाजूला भोक किंवा फाटलेला भाग, आणि चाकाखालच्या डांबरावर, फरशीवर वा मातीत भाजल्याची खूण दिसते का ते पाहा. पावसाने मातीतली खूण दुपारपर्यंत जाते. प्रत्येक खुणेशेजारी एक रुपयाचे नाणे ठेवा म्हणजे आकार कळतो. झाडाचेही फोटो हवेत: शेंड्यापासून बुंध्यापर्यंत सोललेली सालीची पट्टी हा मेहुण्याच्या फाइलमधला सगळ्यात बोलका कागद ठरला. हे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नुसते ढकलू नका. तिथे फोटो दाबला जातो आणि त्यात लपलेली वेळ-जागेची माहिती निघून जाते. मूळ फाइल फोनमध्ये राहू द्या आणि पाठवायची तर ईमेलने पाठवा.

रबरी टायरमुळे गाडीवर वीज पडूच शकत नाही, असे सांगणारा कुणीतरी तुम्हाला भेटणारच. मेहुण्याला तो वर्कशॉपमध्ये भेटला. हा समज चुकीचा आहे. किलोमीटरभर हवा फोडून आलेल्या, सुमारे तीस हजार अँपिअरच्या प्रवाहाला चार बोटे रबर अडवू शकत नाही. आत बसलेली माणसे वाचतात ती पत्र्याच्या बंद कवचामुळे, कारण प्रवाह बाहेरच्या पत्र्यावरून वाहतो. आणि वीज थेट गाडीवर पडायलाही लागत नाही. शेजारच्या झाडावर पडली तरी तिच्या चुंबकीय धक्क्याने गाडीच्या लांबलचक वायरिंगमध्ये दाब निर्माण होतो आणि नाजूक सर्किटे जातात. अशा वेळी पत्र्यावर एकही डाग नसतो, आणि नेमकी हीच प्रकरणे नाकारली जातात. तेव्हा झाड, घर आणि वर्कशॉपचा अहवाल यांच्यावरच सगळी भिस्त.

जे झालेले नाही त्याचाही पुरावा लागतो. गाडीत पाणी शिरले नव्हते हे दाखवायला पायाखालचे कार्पेट उचलून कोरडा पत्रा दाखवा. उंदराने वायर कुरतडल्या नाहीत हे दाखवायला बॉनेट उघडून वायरिंगचे फोटो घ्या. गाडी त्या दिवशी नीट चालत होती याला फास्टॅगची टोल नोंद, पंपावरचे बिल, गाडीच्या अ‍ॅपमधली शेवटच्या फेरीची नोंद चालते. जीपीएस असेल तर त्याचा सिग्नल कोणत्या मिनिटाला थांबला ते काढून घ्या. तो मिनिट दामिनीच्या स्क्रीनशॉटशी जुळला तर वाद बराचसा मिटतो. कुणाच्या सीसीटीव्हीत लखलखाट आला असेल तर फुटेज त्याच दिवशी कॉपी करा, जुने पुसले जाते. डीव्हीआरचे, म्हणजे फुटेज साठवणाऱ्या डब्याचे, घड्याळ हमखास पुढेमागे असते, म्हणून त्याच्या स्क्रीनशेजारी फोनचे घड्याळ धरून एक फोटो घ्या.

सरकारी कागदांचे थोडक्यात. विजेने गाडीचे नुकसान झाले म्हणून तलाठी पंचनामा करीलच असे नाही, पण त्याच वादळात गावात कुणाचे जनावर दगावले असेल किंवा घर पडले असेल तर त्याचा पंचनामा होतो आणि त्यात तारीख असते. त्याची प्रत मिळवा. पोलीस ठाण्यात अर्ज देऊन पोच घ्या. दोन शेजाऱ्यांचे सहीनिशी जबाब घ्या, पण त्यांनी जे पाहिले-ऐकले तेवढेच लिहू द्या. पुण्यात हवामान विभागाचे राष्ट्रीय डेटा केंद्र आहे; तिथून जवळच्या वेधशाळेच्या नोंदी रीतसर मागवता येतात. स्थानिक पेपरातली बातमी तारखेसकट कापून ठेवा.

कंपनीला त्याच दिवशी कळवा, फोनवर आणि शिवाय लेखी. फोनवर ‘गाडीचा लाइटचा प्रॉब्लेम झालाय’ असे चुकूनही म्हणू नका. तेच शब्द नोंदीत जातात. ‘अमुक वेळी वादळात आकाशातून वीज पडली, त्यानंतर गाडी बंद आहे’ असे म्हणा. डोळ्यांनी पाहिले नसेल तर पाहिले म्हणू नका. आवाज ऐकला, झाड सोललेले आढळले, एवढे सांगणे पुरेसे आणि खरे आहे. गाडी टोचन करून किंवा क्रेनने न्या आणि पावती जपा, नमुना पॉलिसीत यासाठी १,५०० रुपयांपर्यंत तरतूद असते. वर्कशॉपच्या दारात जॉब कार्ड भरले जाते तिथे उभे राहा. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर सवयीने ‘कार नॉट स्टार्टिंग, इलेक्ट्रिकल फॉल्ट’ असे लिहितो. त्याच्या मनात काही नसते, पण मेहुण्याच्या नकारपत्रात नेमकी हीच ओळ उद्धृत केली होती. तक्रारीच्या रकान्यात लाइटनिंग हा शब्द आल्याशिवाय सही करू नका.

मग गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या बिघाडाच्या नोंदी, म्हणजे कोड, वाचणारा स्कॅनर लावण्याआधी वर्कशॉपला बजावा की सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासायला कंपनीने नेमलेला माणूस, येईपर्यंत कोड पुसायचे नाहीत, काही उघडायचे नाही. पहिल्या स्कॅनचा छापील कागद घ्या. साध्या बिघाडात बहुधा एखादा भाग जातो; विजेच्या धक्क्यात इसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), एबीएस, एअरबॅग, पॉवर स्टिअरिंग, अल्टरनेटर यांतले अनेक एकदम जातात आणि स्कॅनवर ‘संपर्क तुटला’ या अर्थाच्या, यू अक्षराने सुरू होणाऱ्या कोडची रांग लागते. शक्य असेल तिथे त्या कोडशेजारी किलोमीटरचा आकडाही येतो. सगळ्यांवर एकच आकडा असणे फार मोलाचे. सर्व्हेअरच्या समोर इसीएम उघडून जळलेल्या सर्किटचा फोटो घेता आला तर घ्या, आणि वर्कशॉपकडून लेटरहेडवर कारणासह मत लिहून घ्या. ‘बाहेरून आलेल्या अतिदाबाने एकाच वेळी अनेक भाग निकामी’ असे त्यात स्पष्ट हवे. इलेक्ट्रिक गाडी घरी चार्जिंगला असताना वीज आली असेल तर चार्जर, प्लग आणि मीटरपेटीचे फोटोही याच फाइलमध्ये घाला.

पैशाचा हिशेब आधी करून ठेवा. सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये तुमच्याच खिशातून जाणारी रक्कम, १,५०० सीसीपर्यंतच्या इंजिनला १,००० रुपये, त्यावर २,०००. बॅटरी आणि टायरवर निम्मा घसारा, आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो तो वेगळा. नुसता रेडिओ गेला असेल तर क्लेम न केलेला बरा.

नकार आला तर तो लेखी, पॉलिसीच्या कलमासह मागा आणि सर्व्हेअरच्या अहवालाची प्रतही मागा. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करा. महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. त्यांची कार्यालये मुंबई आणि पुण्यात आहेत, शुल्क लागत नाही, वकील लागत नाही, मात्र नकारापासून वर्षाच्या आत जायला हवे. आणि जळालेला इसीएम, फुटलेला अँटेना, करपलेले फ्यूज वर्कशॉपला भंगारात टाकू देऊ नका. नाव-तारीख लिहिलेल्या खोक्यात घालून, खात्यात पैसे जमा होईपर्यंत ते तिथेच राहू द्या. सर्व्हेअर दुसऱ्यांदा तपासणीला आला तर तो आधी तेच मागेल.