त्वचेचे कवच जपताना या चुका टाळा

जानेवारीतल्या एका सकाळी कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर फिरून आल्यावर माझ्या पुतणीने रोजचेच मॉइश्चरायझर गालांना लावले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत तिचे गाल चुरचुरले. नाकाच्या कडेला पापुद्रे सुटले होते. दोन आठवडे ती सकाळ-संध्याकाळ फेसवॉश, दिवसाआड स्क्रब आणि रात्री मृत त्वचा काढणाऱ्या ग्लायकोलिक अ‍ॅसिडचे सीरम वापरत होती. साधे क्रीमही झोंबू लागले, तर त्वचेचे कवच दुखावले आहे असे समजावे आणि नवी बाटली आणण्याआधी चालू असलेली थांबवावी.

हे कवच म्हणजे त्वचेचा सर्वांत वरचा थर. त्यातील मृत पेशींना सांधून ठेवणाऱ्या स्निग्ध पदार्थांत वजनाने जवळपास निम्मा वाटा सेरामाइडचा असतो. उरलेले मुख्यतः कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले. म्हणून घटकांच्या यादीत हे तिन्ही शोधावेत, जोडीला पाणी धरून ठेवणारे ग्लिसरीन असावे. नायसिनामाइड (ब-३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) त्वचेला स्वतःचे सेरामाइड तयार करायला मदत करते, मात्र दोन ते पाच टक्के पुरते. दहा टक्क्यांचे सीरम दुखावलेल्या त्वचेला अनेकदा लाल करते.

निरोगी त्वचेचा सामू (पीएच) साधारण ४.५ ते ५.५, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो आणि स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिससारख्या उपयोगी जिवाणूंना तोच मानवतो. अंगाच्या साबणाचा सामू ९ ते १० असतो. उपनगरांत जिथे बोअरचे जड पाणी वापरावे लागते, तिथे साबण नीट निघतही नाही आणि त्वचा ताणल्यासारखी होते. तिथे सौम्य, साबणविरहित क्लीन्झर दिवसातून एकदा पुरे. लिंबू आणि खाण्याचा सोडा चेहऱ्यावर चोळणे तर सरळ बंदच करावे.

‘प्रोबायोटिक’, म्हणजे उपयोगी जिवाणूंचे, असे लिहिलेल्या क्रीमवर जास्त पैसे घालवण्याआधी एक लक्षात घ्यावे, की परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) असलेल्या क्रीममध्ये जिवंत जिवाणू सहसा टिकत नाहीत; बहुधा त्यांचे अर्क असतात. ते निरुपयोगी असतात असे नाही, परंतु सेरामाइड आणि ग्लिसरीन त्यांच्याआधी यावेत.

सर्वांत मोठी चूक मात्र तालमीच्या गावात सांगितलीच पाहिजे. कुस्तीत अंगाला अंग लागून गजकर्ण पसरते आणि पोरे डॉक्टरांना न दाखवताच दुकानातून एखादी मिश्र ट्यूब आणतात. तिच्यात बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोलसारखे स्टेरॉइड असले, तर खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी आतून पसरत राहते, चट्ट्याचा आकार बदलल्याने पुढे डॉक्टरांनाही तो ओळखणे अवघड जाते आणि त्वचा पातळ होते. अशी अनेक स्टेरॉइड क्रीम २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, तरीही चिठ्ठी न मागता ती हातात पडतात, याची मला मनापासून चिंता वाटते. ट्यूबवर ‘-सोन’ किंवा ‘-सोल’ने संपणारे नाव दिसले, तर लावण्याआधी डॉक्टरांना विचारावे, कारण क्लोट्रिमाझोलसारखी बुरशीनाशकेही ‘-सोल’सारखीच ऐकू येतात आणि नुसत्या नावावरून फरक कळत नाही.

पुतणीने सीरम आणि स्क्रब बाजूला ठेवले, अंघोळीनंतर ओलसर त्वचेवरच सेरामाइडचे क्रीम लावले आणि दिवसा सनस्क्रीन वापरले. चुरचुर आठवड्याभरात कमी झाली, पापुद्रे जायला मात्र जवळपास महिना लागला. पाणी सुटू लागले, पिवळी खपली धरली किंवा चट्टा वाढत गेला, तर इतके थांबू नये, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.