डब्लिनला जाताना चेस्टरला उतरा

लंडनहून डब्लिनसाठी रेल्वे आणि बोटीचं एकत्र ‘सेलरेल’ तिकीट काढलंत, तर बोट जिथून सुटते ते वेल्समधलं होलीहेड बंदर थेट गाठायची घाई नको. वेळ ठरलेली असते ती बोटीची. गाडी थोडी अलीकडची-पलीकडची चालते. सकाळी लवकर निघून वाटेतल्या चेस्टर शहरात उतरा, जुन्या तटबंदीवरून तीनेक किलोमीटरची फेरी मारा, जेवा, मग पुढची गाडी पकडा. उजवीकडची खिडकी धरा, समुद्र त्याच बाजूला. वाटेतला कॉनवीचा किल्लाही उजवीकडेच, अगदी रुळांना खेटून. बोटीच्या तासभर आधी होलीहेडला पोचलेलं बरं, म्हणून बोटीला जोडून असलेल्या शेवटच्या गाडीवर भिस्त ठेवू नका. रात्रीचा मुक्काम करायचा असेल तर तिकीट काढतानाच विचारून घ्या. आणि हो, भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा व्हिसा आयर्लंडला आपोआप चालत नाही!